ब्रेकचे अडकलेले नट आणि निपल: कोणत्या अवजाराचे पैसे वसूल होतात

ब्रेक पायपाचा नट गंजायला वर्षं लागतात, पण त्याची कोपरं जातात एका सेकंदात, फिक्स पान्याच्या पहिल्याच झटक्यात. म्हणून हे परीक्षण जोर वाढवणाऱ्या अवजारांपेक्षा पकड देणाऱ्या अवजारांकडे जास्त झुकलेलं आहे. बाजारात अशा कामासाठी मिळणाऱ्या वस्तूंपैकी इथे फ्लेअर नट पाना, गंज सोडवणारा स्प्रे, तुटलेला किंवा गोल झालेला बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर, हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि जोडणीच्या वेळचं ग्रीस यांचा विचार केला आहे. गाड्या गृहीत धरल्या आहेत त्या आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या: पुढे डिस्क, मागे ड्रम. किनाऱ्यावर, म्हणजे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात खाऱ्या हवेमुळे हा त्रास लवकर सुरू होतो. कोरड्या भागात नट तुलनेने बरे निघतात, पण धुळीने आणि सुकलेल्या ग्रीसने कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना अडकतात.

सुरुवात फ्लेअर नट पान्यापासून, कारण एकच वस्तू घ्यायची असेल तर ती हीच. मारुती आणि इतर जपानी घडणीच्या गाड्यांत ब्रेकचा लोखंडी पाईप साधारण 4.75 मिमी व्यासाचा असतो. त्यावरचा नट एम10, म्हणजे 10 मिमी व्यासाच्या आट्यांचा, आटे 1 मिमी अंतराचे, आणि पाना लागतो 10 चा. युरोपीय घडणीच्या बऱ्याच गाड्यांत त्याच आट्यांच्या नटाला 11 चा पाना बसतो. म्हणून 10 आणि 11 अशी दोन तोंडं असलेला पाना घेतला की बहुतेक काम भागतं. हा नट आतून पोकळ आणि तसा मऊ असतो. फिक्स पाना त्याच्या सहापैकी दोनच बाजू धरतो. जोर आला की पान्याचा जबडा केसभर फाकतो आणि नटाची कोपरं सोलून निघतात. फ्लेअर नट पाना म्हणजे एका जागी फट ठेवलेला रिंग पानाच. पाईप त्या फटीतून आत जातो, आणि नटाची एक बाजू सोडून बाकी सगळीकडून पकड मिळते.

पण नावात फ्लेअर आहे म्हणून प्रत्येक पाना चांगला असं नाही. स्वस्त पान्यांचं तोंड पातळ असतं आणि ताण आला की तेही फिक्स पान्यासारखंच फाकतं. दुकानात जाताना एम10चा एक नवा ब्रेक नट खिशात टाकून न्यावा; स्पेअर पार्टच्या दुकानात तो किरकोळ पैशात मिळतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत पाने हातात घेऊन बघू देतात, तिथे पाना त्या नटावर चढवून डावी-उजवीकडे हलवून बघायचा. जाणवण्याइतका सैलपणा असेल तर तो पाना परत ठेवा. आत सहा कोपरे असलेला घ्या, बारा कोपऱ्यांचा नको. बारा कोपऱ्यांचा गंजलेल्या नटावर लवकर घसरतो. तोंडाची उंची नटाच्या षटकोनाएवढी तरी हवी. क्रोम व्हॅनेडियम असं कोरलेलं असतं, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, तोंडाची भिंत किती जाड आहे ते बघा. घरातले बाकीचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट) नाशिकच्या टपारियासारख्या रोजच्या ब्रँडच्या असल्या तरी चालतं. जास्तीचे पैसे घालायचेच तर या एका पान्यात घाला.

वापरताना आधी वायर ब्रशने नट आणि मागचा पाईप स्वच्छ करायचा. नटाच्या अंगावर मातीचा, गंजाचा थर राहिला तर चांगला पानाही पूर्ण बसत नाही आणि मग दोष पान्याला जातो. पाना तळापर्यंत बसवा, एका हाताने तोंड नटावर दाबून धरा आणि ओढा. तरी तोंड फाकतंय असं वाटलं तर फटीच्या दोन टोकांवर ग्रिप प्लायर आवळून लावायचा. पान्याचं तोंड बंदिस्त होतं आणि जवळपास पूर्ण रिंगची पकड मिळते. बऱ्याच वेळा नट इथेच सुटतो.

आता यातला खरा धोका. नट फिरायला लागतो, हायसं वाटतं, आणि बघावं तर नटाबरोबर पाईपही पिळत असतो. पाईप ज्या जागी नटात शिरतो तिथे गंज धरलेला असतो, आट्यांत नव्हे. हे ओळखायला पाईपवर मार्करने एक रेघ मारून ठेवा; रेघ हलली की थांबा. नटाच्या मागच्या बाजूने, पाईप आत जातो त्या फटीत स्प्रे मारा, आणि पाव फेरा सोडा, पाव फेरा आवळा असं करत राहा. पाईप एकदा पिळला गेला की तो बदलायचाच. आणि बदलायचाच असेल तर मग फ्लेअर पान्याशी झटत बसू नका. पाईप नटाच्या अगदी जवळ कापून टाका आणि 10 ची सहा कोपऱ्यांची खोल गोटी सरळ नटावर चढवा. कोपरं अर्धी गेलेली असली तरी बहुतेक नट गोटीने निघतात. कापल्या कापल्या ब्रेक फ्लुइड गळायला लागतं, त्यामुळे खाली भांडं आणि उघड्या टोकाला रबरी बूच आधीच तयार ठेवा. ब्रेक फ्लुइडची टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये हवा गेली तर ती काढायला काही गाड्यांत स्कॅनर लागतो.

नवा पाईप करून घेताना टोकाचा आकार जुन्याशी जुळवून घ्या. जपानी घडणीत टोक दुहेरी दुमडलेलं असतं, युरोपीय घडणीत बुडबुड्यासारखं फुगवलेलं. एकाच्या जागी दुसरं आवळून बसवलं तर बसल्यासारखं वाटतं आणि दाबाखाली गळतं. साधा तांब्याचा पाईप कोणी सुचवला तर नाही म्हणा. तांबं कंपनांनी कडक होतं आणि तडकतं. तांबं-निकेल मिश्रधातूचा ब्रेक पाईप मिळाला तर उत्तम: हाताने वळतो, गंजत नाही.

स्प्रेबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहे. डब्ल्यूडी-40 चा निळा-पिवळा डबा घरोघरी असतो, आणि नट अडकला की तोच आधी हातात येतो. त्याच्या नावातच त्याचं काम सांगितलेलं आहे. 1953 साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने पाणी हटवणारं मिश्रण बनवायचं ठरवलं आणि चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं, म्हणून वॉटर डिस्प्लेसमेंट, 40. ओल हटवणं, हलका गंज सैल करणं, कुरकुर थांबवणं यात तो चांगला आहे. चाकाचे नट, ड्रमचा मधला भाग, हँडब्रेकच्या केबलचं टोक इथे त्याने काम होतं. पाच पावसाळे काढलेल्या निपलसाठी (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूसाठी) मात्र खास पेनिट्रंट, म्हणजे आत झिरपणारा, म्हणून विकला जाणारा स्प्रे घ्यावा, त्याच कंपनीचाही मिळतो. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं मिसळून करायचा घरगुती उपाय बराच चालतो. तो आत झिरपतो हे खरं, पण दोन्ही एकजीव राहत नाहीत, ॲसिटोन झटकन पेट घेतो आणि रंग खातो. चाकाच्या कमानीत, रबरी होजजवळ तो वापरू नये.

कोणताही स्प्रे घेतला तरी त्याला वेळ द्यावा लागतो. मारला आणि लगेच पाना लावला तर त्याचा उपयोग फक्त मनाच्या समाधानापुरता. काम सकाळी करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी ब्रश मारून पहिला हात, झोपण्याआधी दुसरा, सकाळी तिसरा. प्रत्येक वेळी स्प्रेनंतर छोट्या हातोडीने नटाच्या आसपास हलक्या टिचक्या. या टिचक्यांनी गंजाच्या थराला बारीक भेगा पडतात आणि तेलाला आत जायला वाट मिळते. पॅड, लाईनर, डिस्कवर एक थेंबही पडू देऊ नका. तिथे कापड झाका. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं, त्यामुळे पिस्टनच्या रबरी कव्हरवर स्प्रे उडाला तर लगेच पुसून घ्या.

आता निपल, म्हणजे एअर काढायचा स्क्रू. लोखंडी निपल ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये असेल तर दोन धातूंमध्ये ओलाव्यामुळे रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी पूड आट्यांत घट्ट ठासली जाते. त्यात वरची रबरी टोपी हरवलेली असली की पाणी निपलच्या आतल्या भोकातही साचतं आणि निपल आतूनही सडतो. गाडी बघताना चारही टोप्या जागेवर आहेत का हे आधी बघा. जिथे टोपी नाही तो निपल त्रास देणार असं धरून चाला.

निपलला पाना लागतो बहुधा 8 किंवा 10 चा, काही गाड्यांत 7 किंवा 11 चा. इथे फ्लेअर पाना नको, सहा कोपऱ्यांची गोटी लावा. निपल पोकळ असल्याने त्याची भिंत पातळ असते. भोकात घट्ट बसेल अशा मापाच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग आत सरकवा, म्हणजे हातोडीच्या टिचक्यांनी आणि पिळाने निपल चेपत नाही. मग निपलच्या माथ्यावर सरळ रेषेत चार-पाच टिचक्या. पहिला प्रयत्न सोडायचा करू नका, आवळायचा करा, अगदी नखभर. आवळताना गंजाची पकड तुटते, मग उलट फिरवा.

त्या क्षणी हाताला काय जाणवतं याकडे सगळं लक्ष हवं. चांगला निपल सुटतो तेव्हा कट्कन आवाज येतो आणि पाना एकदम हलका होतो. वाईट खूण म्हणजे आवाज न होता पाना मऊपणे पुढे सरकणं, जणू ओली काठी पिळतेय. तिथे निपल सुटत नसतो, मानेत पिळला जात असतो. अजून एवढंच फिरवलं तर तो तुटणार. लगेच थांबा, परत आवळायच्या दिशेला आणा, पुन्हा स्प्रे, पुन्हा एक रात्र.

तुटलाच तर एक्स्ट्रॅक्टर आठवतो, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: उलट आट्यांचा, शंकूसारखा एक्स्ट्रॅक्टर निपलसाठी घेऊ नका. निपलला भोक आधीच असतं, त्यामुळे तो आत लगेच बसतो आणि काम सोपं वाटतं. पण शंकू जसजसा आत रुततो तसतशी निपलची पातळ भिंत बाहेर फाकते आणि कॅलिपरच्या आट्यांत आणखी घट्ट बसते. वर हा एक्स्ट्रॅक्टर इतक्या कडक पोलादाचा असतो की तो आत तुटला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. मागच्या चाकाच्या व्हील सिलिंडरचा (ड्रममध्ये लाईनर ढकलणाऱ्या भागाचा) निपल तुटला असेल तर प्रश्नच नाही, सिलिंडर स्वस्त असतो. सिलिंडर नवा टाका, आणि शक्यतो दोन्ही चाकांना जोडीने. पुढच्या कॅलिपरचा निपल तुटला तर कॅलिपर काढून लेथवाल्याकडे द्यावा. तो बरोबर मध्यावर ड्रिल करून उरलेली कवची काढू शकतो. निपलची गळती आटे थांबवत नाहीत, तळाचं शंकूच्या आकाराचं बैठक-टोक थांबवतं. ड्रिल त्या बैठकीला लागलं तर कॅलिपर बदलण्याला पर्याय नाही.

दुसऱ्या प्रकारचा एक्स्ट्रॅक्टर मात्र जरूर घ्या: आतून वळणदार धारा असलेल्या गोट्यांचा संच. कॅलिपरच्या पिनांचे 12 ते 14 मापाचे आणि कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे 17 चे बोल्ट गोल झाले की या गोट्या हातोडीने ठोकून बसवायच्या. जितका पिळ देऊ तितक्या त्या जास्त चावतात. बोल्ट यानंतर टाकून द्यायचा असतो. निघेल त्याच मापाचा, त्याच लांबीचा आणि त्याच दर्जाचा नवा आधी आणून ठेवा. ब्रॅकेटच्या जागी बाजारातला कोणताही बोल्ट चालत नाही, त्याच्या डोक्यावरचा दर्जाचा आकडा जुळला पाहिजे.

इम्पॅक्ट ड्रायव्हर ज्यांच्याकडे होंडासारखी गाडी आहे, जिथे डिस्क दोन चपट्या स्क्रूंनी हबला धरलेली असते, त्यांच्यासाठी. इतरांनी वाट बघितली तरी चालेल. त्या एम6 स्क्रूंना 3 नंबरचा फुली बिट लागतो. बहुतेकजण हाताशी असलेला 2 नंबरचा लावतात आणि फुली खरवडून टाकतात. ड्रायव्हरची दिशा सोडायची ठेवा, बिट फुलीत ठोकून बसवा, मूठ डावीकडे ताणून धरा आणि जड हातोड्याने एक खणखणीत घाव. दहा हलक्या घावांपेक्षा एक जोरदार घाव जास्त कामाचा, कारण दाब आणि पिळ एकाच वेळी मिळायला हवेत. फुली आधीच गेली असेल तर 8 मिमीच्या ड्रिलने स्क्रूचं डोकं उडवा, डिस्क निघते आणि उरलेला खुंट ग्रिप प्लायरने फिरतो. हे स्क्रू फक्त जोडणीच्या वेळी डिस्क जागेवर धरतात. गाडी चालताना डिस्कला धरतात ते चाकाचे नट.

हबला चिकटलेली डिस्क किंवा ड्रम काढायला हातोडा उगारण्याआधी त्यावर दोन आट्यांची भोकं आहेत का बघा. मारुतीच्या ड्रमला आणि अनेक डिस्कना एम8 ची, 1.25 आट्यांची अशी भोकं असतात. दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. एकच बाजू ओढत नेली तर ओतीव लोखंडाची कड तडकते. ड्रम असेल तर त्याआधी हँडब्रेक पूर्ण सोडा आणि लाईनरचा ॲडजस्टर मागच्या भोकातून सैल करा. ड्रमच्या आतल्या कडेला झिजेची धार झालेली असते, तिच्यात लाईनर अडकतात. ते न करता बोल्ट आवळत राहिलं तर लाईनरच्या पिना उपटून येतात.

गॅसची ज्योत गॅरेजमध्ये सर्रास वापरतात. कॅलिपर किंवा पायपावर ती नको. आतलं रबर जातं, फ्लुइडची वाफ पेट घेते, आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापलेल्या धातूवर उडाला तर त्यातून फॉस्जिनसारखा विषारी वायू तयार होतो. फक्त नट तापवणारा इंडक्शन हीटर हा सुरक्षित मार्ग, पण तो घरच्या माणसाने विकत घेण्याइतका स्वस्त नाही.

कॅलिपरच्या पिना अडकण्यामागे बऱ्याचदा चुकीचं ग्रीस असतं. बेअरिंगचं पिवळं-लाल ग्रीस भरलं की पिनेवरची रबरी बुश फुगते आणि पिन भोकात बसून जाते. मग आतला पॅड एका बाजूने झिजतो. पिना पूर्ण काढून, भोक आणि पिन ब्रेक क्लीनरने धुऊन, वाळवून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ हाताने लावा. भोक ठासून भरू नका, हवा कोंडली तर पिन परत बाहेर ढकलली जाते. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बाही असेल तर कोणती वर होती, कोणती खाली, याचा फोटो काढून ठेवा. अदलाबदल झाली की कॅलिपर पुन्हा अडकतो.

जोडताना निपलच्या फक्त वरच्या आट्यांना अँटी-सीझचा (आटे धरू न देणाऱ्या लेपाचा) पुसटसा हात, तळाच्या शंकूला अजिबात नाही. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे आत जातात. निपल साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटरला बसतो, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर. पायपाचा नट 15 च्या आसपास. नक्की आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. होजच्या पोकळ बोल्टखालच्या दोन्ही तांब्याच्या वॉशर नव्या टाका. नव्या रबरी टोप्या विसरू नका, आणि फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. डॉट 4 फ्लुइड नवं असताना किमान 230 अंश सेल्सियसला उकळतं, पाणी शोषलेल्या अवस्थेत ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. शिवाय दर दोन वर्षांनी निपल हलला की तो धरत नाही. रंगावर फ्लुइड सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

चाक लावण्याआधी एअर काढून झाल्यावर इंजिन चालू ठेवून कोणाला तरी पेडल जोरात दाबून मिनिटभर धरायला सांगा. प्रत्येक उघडलेल्या जोडाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. कागदावर ओलसर ठिपका दिसला तर तो जोड आणखी आवळण्याआधी उघडून बैठक तपासा. सगळं कोरडं असलं तरी एक रात्र गाडी उभी ठेवून सकाळी टाकीतली फ्लुइडची पातळी आणि तेच जोड पुन्हा बघा, आणि मगच गाडी रस्त्यावर काढा.